फिनिक्समध्ये राहावं कुठल्या अंगाला?

फिनिक्सला बदली झालेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो उन्हाळ्याचा. त्याचं उत्तर इथे सगळ्यांना पाठ आहे : "असतो, पण कोरडा असतो." सांगणाऱ्याच्या ओठांना चिरा पडलेल्या असतात, तो भाग वेगळा. दुसरा प्रश्न असतो, "घर कुठल्या बाजूला बघू?" इथे मात्र जमलेल्या मंडळींत उभी फूट पडते. ईस्ट व्हॅलीवाले एका सुरात बोलू लागतात, वेस्ट व्हॅलीवाले संख्येने कमी असल्यामुळे वरच्या पट्टीत बोलू लागतात, आणि विचारणारा बिचारा हातातली पुरी तशीच धरून दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहतो.

मुळात व्हॅली म्हणजे फिनिक्स आणि त्याला चिकटलेली सगळी गावं, आणि ती किती लांब आहे ते सांगायला हवं. पूर्वेच्या अपाची जंक्शनहून निघून पश्चिमेच्या बकायपर्यंत गाडी हाणली तर शंभर किलोमीटरच्या वर अंतर होतं, आणि एवढ्या वेळात खिडकीबाहेरचं दृश्य काही बदलत नाही. मातकट रंगाची घरं, मातकट रंगाची कुंपणं, अंगणात हिरवळीच्या जागी खडी, चौकात औषधांचं दुकान आणि त्याच्यासमोर दुसऱ्या साखळीचं औषधांचं दुकान. दर मैलाला एक मोठा रस्ता, सगळे काटकोनात. या शिस्तीला न जुमानता ग्रँड ॲव्हेन्यू नावाचा एकच रस्ता वायव्येकडे तिरका धावतो आणि जाईल तिथे सहा तोंडांचे चौक करून ठेवतो. बाकी सगळं सारखं. आणि सगळं इतकं सारखं असल्यामुळेच फरकावर लोकांचा भलता जीव. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो तोंडाने सांगावा लागतो.

फरकाची सुरुवात पाटीपासूनच होते. सेंट्रल ॲव्हेन्यू शहराचे उभे दोन भाग करतो. त्याच्या पूर्वेला दक्षिणोत्तर जाणारे क्रमांकाचे रस्ते म्हणजे स्ट्रीट, पश्चिमेला म्हणजे ॲव्हेन्यू. एका सद्गृहस्थांनी सत्यनारायणाच्या आमंत्रणात घाईघाईने नुसतंच 'पस्तिसावा' असं लिहिलं. अर्धे पाहुणे बारा-तेरा किलोमीटर पलीकडे एका मेक्सिकन कुटुंबाच्या दारात प्रसादाच्या वेळेला हजर. त्या कुटुंबाने त्यांना आत बोलावून खायला घातलं, हे इथल्या लोकांचं मोठेपण. पण नंतर पूजेला पोचल्यावर कोणाला शिऱ्याची भूक उरली नव्हती.

सातवा स्ट्रीट आणि सातवा ॲव्हेन्यू यांत मात्र पूर्व-पश्चिम भेदभाव नाही. दोन्हीकडे मधली लेन सकाळच्या गर्दीत शहराच्या दिशेने धावते, संध्याकाळच्या गर्दीत उलटी, आणि एरवी ती डावीकडे वळण्यासाठी असते. हे नियम वर टांगलेल्या पाटीवर सविस्तर लिहिलेले आहेत. समोरून बस येत असताना ते वाचून संपत नाहीत, इतकीच अडचण.

माझ्या भाच्याला उत्तर फिनिक्समध्ये नोकरी लागली. तैवानच्या टीएसएमसीने २०२० मध्ये इथे चिपचा कारखाना काढायचं जाहीर केलं, तेव्हापासून त्या माळावर क्रेन आणि त्यांच्यामागून माणसं येत आहेत, त्यांतलाच हा एक. फोनवर म्हणाला, "मामा, तू सांगशील तिथे घर घेतो." असं म्हणणाऱ्या माणसाने घर आधीच पाहून ठेवलेलं असतं, हे मला माहीत होतं. तरीही त्याला शनिवार-रविवार गाडीत घालून फिरवला. मामेपणाचं काही कर्तव्य असतं.

आधी अर्थातच चँडलर. इथे इंटेल १९८० पासून आहे, आणि इंटेलच्या आसपास आपली माणसं आहेत. किराणा दुकानात कांदा-लसूण मसाल्याची दोन-दोन नावं मिळतात, आणि रांगेत मागे उभी असलेली बाई आपल्या टोपलीत डोकावून "गोडा मसाला तो नका घेऊ" असं परभारे सांगते. बालवाडीपासून भरतनाट्यमपर्यंत सगळं दहा मिनिटांवर. चँडलरकरांना या दहा मिनिटांचा फार अभिमान. काहीही विचारा, ते दहा मिनिटांवर असतं. हे गाव ज्यांच्या नावाने वसलं ते डॉक्टर चँडलर जनावरांचे डॉक्टर होते, आणि बायकांच्या टोप्यांना शहामृगाची पिसं लागत म्हणून इथे शहामृगं पाळली जात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टोप्यांची फॅशन गेली आणि धंदा बसला. त्याची आठवण म्हणून अजून शहामृगाच्या नावाने जत्रा भरते. भाचा म्हणाला, "म्हणजे हे गाव पहिल्यापासून एकाच मालावर अवलंबून राहतं." त्याचं तोंड मी लगेच बंद केलं. चँडलरात हे मोठ्याने बोलत नाहीत.

शेजारचं गिल्बर्ट अडीच लाखांवर गेलं तरी कायद्याने अजून 'टाऊन'च आहे. शहर व्हायला ते तयारच नाही. एके काळी जगाला चारा पाठवणारी राजधानी असं बिरुद ते मिरवत असे. आता त्याच शेतांवर घरं आहेत, आणि वारा फिरला की उरलेल्या गोठ्यांचा वास चार-चार बेडरूमच्या घरांत शिरतो. त्या वासाबद्दल घर दाखवणारी बाई "ग्रामीण वातावरण" म्हणाली. मेसा हे मॉर्मन लोकांनी १८७८ मध्ये वसवलेलं, रुंद रस्त्यांचं, सकाळी लवकर उठणाऱ्यांचं गाव. टेंपीत विद्यापीठ, त्यामुळे ते रात्री झोपत नाही.

आणि गणपती? व्हॅलीतल्या आपल्या लोकांचा महागणपती चँडलरच्याही दक्षिणेला, उघड्या माळावर आहे, मॅरिकोपा गावाजवळ. हे मॅरिकोपा गाव मॅरिकोपा काउंटीत नाही, पिनाल काउंटीत आहे. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर चतुर्थीला जी गर्दी होते तीत भक्त कोण आणि नोकरीवरून घरी परतणारे कोण, हे शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही. वेस्ट व्हॅलीच्या भक्ताला दर्शनासाठी अख्खी व्हॅली ओलांडावी लागते. ईस्टवाले म्हणतात, "बघा, देवानेही बाजू निवडली." यावर वेस्टवाले एकता मंदिराचं नाव काढतात. ते ॲव्हेन्यूंच्या बाजूला आहे, आणि वेस्टवाल्यांच्या मुद्द्यांत त्याला फार मानाचं स्थान आहे.

आता सूर्याबद्दल, कारण व्हॅलीत सूर्य हा नगरपालिकेचा विषय वाटावा इतका रोजचा आहे. नोकऱ्या मुख्यतः मध्यभागी आणि पूर्वेला. म्हणजे वेस्ट व्हॅलीत राहणारा सकाळी पूर्वेकडे गाडी चालवतो, सूर्य डोळ्यांत. संध्याकाळी पश्चिमेकडे परततो, पुन्हा सूर्य डोळ्यांत. ईस्टहून मध्यभागी जाणाऱ्याच्या मात्र दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. रस्ते अगदी पूर्व-पश्चिम आखलेले असल्याने मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी मावळता सूर्य बरोब्बर रस्त्याच्या टोकाला येऊन बसतो. समोरचा सिग्नल लाल की हिरवा ते दिसत नाही. बाजूच्या गाड्या हलल्या की आपण हलायचं. ईस्टवाले हे सगळं इतक्या अभिमानाने सांगतात, की ही व्यवस्था त्यांच्याच सोसायटीने ठराव करून मंजूर करून घेतली असावी. वेस्टचं उत्तर ठरलेलं : "घरांच्या किमती बघून तुमचे डोळे दिपतात, आमचे निदान उन्हाने दिपतात."

त्यात तथ्य आहे. वेस्ट व्हॅलीत त्याच पैशात एक खोली जास्त मिळते. शिवाय रिकामं आकाश. ते रिकामं असतं तोवर ठीक, कारण ल्यूक हवाई तळावर एफ-३५ विमानांच्या वैमानिकांचं शिक्षण चालतं. घराच्या कागदपत्रांतच विमानांच्या आवाजाबद्दल सूचना असते, आणि ती वाचून सही करायची असते. आम्ही घर बघत असताना एक विमान गेलं. दलाल मध्येच थांबला, विमान जाऊ दिलं, आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू केलं. बोलणं तोडून पुन्हा जोडायची ही कला वेस्टकडच्या सगळ्यांना येते. नवरा-बायकोच्या भांडणात तिचा उपयोग होत असावा.

इथल्या गावांच्या जन्मकथा बघाव्यात. गुडइयर हे टायरचं गाव. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस मिळेनासा झाला, म्हणून टायरच्या कंपनीने वाळवंटात जमीन घेऊन कापूस पेरला. सरप्राइज गाव १९३८ मध्ये फ्लोरा मे स्टॅटलर या बाईंनी वसवलं. हे गाव कधी नावारूपाला आलं तर मला आश्चर्यच वाटेल, असं त्या म्हणाल्याचं सांगतात. आज वस्ती दीड लाखाच्या आसपास. आपल्याकडे गावं ग्रामदैवतावर किंवा एखाद्या राजावर वसली. शंकेवर वसलेलं मी तरी हे एकच पाहिलं.

आणि सन सिटी. १९६० च्या पहिल्या जानेवारीला डेल वेब या बांधकामवाल्याने ती उघडली ती निवृत्तांसाठी. घरात किमान एक माणूस पंचावन्नच्या पुढचा हवा. लहान मुलं पाहुणी म्हणून येऊ शकतात, मुक्कामाला मर्यादा आहे. रस्त्यावर गोल्फच्या गाड्या. आजोबा त्या गाडीतून किराण्याला जातात, सिग्नलला थांबून हात दाखवून वळतात. भाच्याला ही जागा सर्वांत जास्त आवडली. "इथे कोणी विचारत नसेल ना, दुसऱ्या मुलाचा विचार कधी?" वय तिशीच्या आत असल्यामुळे नाइलाज झाला.

ग्लेनडेलच्या स्टेडियममधलं गवत मात्र मला त्याला मुद्दाम दाखवायचं होतं. ते अख्खं मैदान एका भल्यामोठ्या तबकात आहे आणि सामना नसला की ते तबक रुळांवरून बाहेर उन्हात सरकवतात. म्हणजे व्हॅलीत सहा महिने माणसं उन्हातून आत पळतात आणि गवत आतून बाहेर पळतं. सुपर बोल इथे तीनदा झाला, तेव्हा पूर्वेकडच्या हॉटेलांतून लोक पश्चिमेला आले आणि सामना संपताच परत पूर्वेला गेले, हे वेस्टचं जुनं दुखणं आहे.

स्कॉट्सडेलबद्दल काय बोलायचं? तिथे आम्ही फक्त गाडीतून पाहिलं. घरं छान, पोर्श छान, कुत्रीसुद्धा आपल्यापेक्षा बरी दिसतात. पुढे चला.

व्हॅलीच्या मध्यावरची जुनी वस्ती या वादात कोणी घेतच नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथे आहे. टेंपीत, मेसात, फिनिक्सच्या आर्केडिया भागात काही जुन्या घरांना अजून पाटाचं पाणी मिळतं. पूर्वी ती शेतं होती, लिंबू-संत्र्याच्या बागा होत्या. शेतं गेली, घरं आली, पण पाण्याचा हक्क जमिनीला चिकटून राहिला. उन्हाळ्यात साधारण पंधरवड्याला पाळी येते. वेळ पाटवाल्यांनी ठरवायची. ती दुपारी तीनलाही असते आणि रात्री दोनलाही. अंगणाला चहूबाजूंनी छोटा बांध असतो, आपण उठून झडप उघडायची, वीतभर पाणी साचू द्यायचं, वेळ संपली की बंद करायची.

माझ्या एका मित्राने टेंपीत असं घर घेतलं. त्याला रात्री उठायचा कंटाळा, म्हणून हे काम करणारा एक माणूस त्याने पगारी ठेवला. त्याचे वडील राहुरीहून आले तेव्हा हे त्यांच्या कानावर गेलं. जन्मभर मुळेच्या कालव्यावर उसाला दारं धरलेला माणूस. "पाणी आपलं, आणि दारं दुसरा धरतो?" असं म्हणून त्यांनी त्या रात्री गॅरेजमधलं फावडं काढलं, धोतर वर खोचलं, टॉर्च दाताखाली धरला आणि अंगणात उतरले. सूनबाईंनी उठून पाहिलं तर मामंजी बांधाचा कोपरा सारखा करत होते आणि पलीकडच्या अंगणात नाइट ड्रेसमधला अमेरिकन शेजारी आपली झडप उघडत होता. भाषा एकाला येत नाही, दुसऱ्याला कळत नाही. वडिलांनी खुणेने विचारलं, वरून पाणी कोणी फोडतं का? शेजाऱ्याने तीन घरं सोडून असलेल्या घराकडे बोट दाखवलं. त्यानंतर त्यांची घट्ट मैत्री झाली. इथल्या पाटकऱ्याला झानहेरो म्हणतात, वडिलांनी त्याला एकदा थांबवून चहा पाजला आणि पाणीपट्टीचा आकडा ऐकून "एवढ्यात काय परवडतं सरकारला?" अशी चिंता व्यक्त केली.

या पाटांना फार जुनी मुळं आहेत. होहोकाम लोकांनी शेकडो वर्षं इथे कालवे काढले, पंधराव्या शतकात ते लोक पांगले, आणि १८६७-६८ च्या सुमारास आलेल्या वसाहतवाल्यांनी तेच चर उकरून पुन्हा पाणी सोडलं. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव शहराला पडलं ते त्यामुळे. म्हणजे मूळ वस्ती पाहिली तर ती ना ईस्टची ना वेस्टची. पाणी जिथवर चढलं तिथवरची.

पाणी अजूनही तेच ठरवतंय. इथे नवी वसाहत बांधायची तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आहे हे दाखवावं लागतं. जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं, की यापुढे फक्त जमिनीखालच्या पाण्याच्या भरवशावर नव्या वसाहतींना असं प्रमाणपत्र मिळणार नाही. झळ बसली पूर्वेच्या टोकाच्या क्वीन क्रीकला आणि पश्चिमेच्या टोकाच्या बकायला. दोन्ही बाजूंची एकी घडवून आणणारा हा पहिलाच सरकारी निर्णय. त्याच वर्षाच्या पहिल्याच दिवशी स्कॉट्सडेलने हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्सला टँकरने नेलं जाणारं पाणी बंद केलं होतं. तिथे लाखो डॉलरच्या घरांत लोक कागदी ताटांत जेवू लागले, भांडी घासायला नकोत म्हणून.

दक्षिण फिनिक्सचं नाव मात्र आमच्या मंडळींच्या तोंडी येत नाही. तिथे झाडं कमी, सावली कमी, एसी जुने. २०२३ मध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला, किंवा त्याच्याही वर पोचत होता. त्या वर्षी काउंटीत उष्म्यामुळे ६४५ माणसं गेली. पाण्याच्या बाटल्या वाटायला आमचे काही लोक जातात, ईस्टचे आणि वेस्टचे एकाच गाडीतून, आणि त्या दिवशी हा वाद निघत नाही.

विंचवांचं भाच्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. वेस्टकडच्या पिओरियाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी एक घर त्याने पसंत केलं, तेव्हा सांगावंच लागलं. जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मिळते. रात्री तिच्या उजेडात विंचू हिरवे चमकतात. आम्ही दोघं अंधारात त्या घराच्या मागच्या भिंतीवर टॉर्च फिरवत उभे होतो. पहिला दिसला. मग दुसरा, नळाच्या पेटीमागे. शेजारीण कुत्रा घेऊन आली, तिच्याही हातात तसलीच टॉर्च. "आज कमीच आहेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात शेजाराची शिफारस होती.

घर त्याने घेतलं. पण घेण्याआधी माझ्या ताईचा नाशिकहून फोन आला. तिला ईस्ट-वेस्टशी काही देणंघेणं नव्हतं, तिचा प्रश्न एकच, "घर पूर्वाभिमुख आहे ना?" इथले जाणते लोक दार उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेलं घर घेतात, कारण पूर्वेला तोंड म्हणजे पश्चिमेला पाठ, आणि मागची ओसरी, स्वयंपाकघर, मोठ्या काचा सगळं त्याच बाजूला. मी तसं बोलून पाहिलं. "तू तुझ्या घरात उत्तर-दक्षिण कर हवं तर," ताई म्हणाली. भाच्याने पूर्वाभिमुख घर घेतलं.

पहिल्या जुलैचं वीजबिल आल्यावर त्याने मागच्या सगळ्या खिडक्यांना उन्हाच्या काळ्या जाळ्या बसवून घेतल्या. चारनंतर ओसरीवर कोणी बसत नाही. तिथे त्याची बायको सांडगे वाळवते, आणि ते एका दिवसात वाळतात. परवा मंडळाच्या कार्यक्रमात मी त्याला एका नव्या जोडप्याशी बोलताना ऐकलं. "वेस्टलाच या हो, मोकळं आहे. ईस्टला आता फार गर्दी झाली. फक्त घर उत्तरेला तोंड असलेलं घ्या." आणि मग आवाज खाली आणून, "आईंनी विचारलं तर फोटो आतून काढून पाठवा."